सिरॅमिक की बीड? माझ्या गाडीच्या ब्रेकचे अकरा महिने

फेब्रुवारीत मी माझी पहिली स्पोर्ट्स कार बघायला गेले आणि डिसेंबरमध्ये तिच्या ब्रेकचा प्रश्न एकदाचा सुटला. मधले अकरा महिने मी ब्रेकच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या, सिरॅमिकच्या ठेवायच्या की बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बसवायच्या याच एका प्रश्नाभोवती फिरत होते. कोणी सांगायचं, सिरॅमिक आयुष्यभर पुरतात. कोणी सांगायचं, शर्यतीच्या ट्रॅकवर नेल्या की दोन वर्षांत संपतात. दोघंही आपापल्या गाडीपुरतं खरंच बोलत होते, पण माझी गाडी यातली कुठली हे मला कळत नव्हतं. त्याच जागी कोणी अडकलं असेल तर त्याच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे.

८ फेब्रुवारीला गाडी पाहिली. जुनी, माझ्या आधी दोन मालक, चारही चाकांमागे कार्बन-सिरॅमिक डिस्क. विकणारे गृहस्थ सज्जन होते. "डिस्क ऐंशी टक्के शिल्लक आहेत," असं त्यांनी सांगितलं. हा आकडा कुठून आला असं विचारल्यावर म्हणाले, "दिसायला नव्यासारख्या आहेत की." आणि खरंच तशाच दिसत होत्या. गंज नाही, कडेला उंचवटा नाही, चाकांवर काळी भुकटी नाही. बिडाची डिस्क झिजली की तिच्या बाहेरच्या कडेला बोटाला लागेल असा काठ तयार होतो, तोही नव्हता. मी त्या दिवशी जवळजवळ होकार देऊन आले होते.

होकार थांबला तो मिस्त्रींमुळे. ते वयाने माझ्या मोठ्या भावाएवढे, मी त्यांना दादाच म्हणते. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, वजन केलं का?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. सिरॅमिक डिस्क कापलेल्या कार्बन तंतूंची आणि रेझिनची बनते. साच्यात दाबून ती हवेविना साधारण हजार अंशांपर्यंत तापवतात, रेझिनचा कोळसा होतो आणि आत बारीक पोकळ्या उरतात. मग वितळलेलं सिलिकॉन त्या पोकळ्यांत शिरवतात. सिलिकॉन १,४१४ अंशांना वितळतं, म्हणजे भट्टी त्याच्याही वर न्यावी लागते. सिलिकॉन आणि कार्बन मिळून सिलिकॉन कार्बाइड होतं, आणि ते विलक्षण कठीण असतं. त्यामुळे रस्त्यावरच्या वापरात पॅड, म्हणजे ब्रेक मारल्यावर डिस्कवर दाबली जाणारी पट्टी, तिला फारसं घासू शकत नाही आणि जाडी वर्षानुवर्षं तशीच राहते. पण ट्रॅकवर डिस्क लालबुंद होते तेव्हा आतले कार्बन तंतू हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू जळतात. जाडी तीच राहते, वजन घटतं. म्हणून अशा बऱ्याच डिस्कच्या मधल्या टोपीवर, म्हणजे पॅड जिथे घासत नाही त्या मधल्या भागावर, किमान वजन कोरलेलं असतं, तर बिडाच्या डिस्कवर किमान जाडी. दिसायला नवी आणि आतून पोकळ, अशी सिरॅमिक डिस्क असू शकते. हे मला ८ तारखेला माहीत नव्हतं.

तपासणीसाठी नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली. १७ फेब्रुवारीला चाकं काढली. चाक काढताना दादांनी आधी एक बोल्ट काढून त्या जागी लांब गाइड पिन घातली आणि चाक तिच्यावरून सरळ बाहेर ओढलं. चाक तिरकं होऊन डिस्कच्या कडेला आपटलं तर सिरॅमिकचा टवका उडतो, आणि टवका मोठा असेल तर अख्खी डिस्क बाद. टायरवाल्याकडे जाताना ही पिन स्वतःबरोबर न्या, असं त्यांनी बजावलं. डिस्क धुऊन, सुकवून, ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवल्या. सुकवणं महत्त्वाचं, कारण ओलसर डिस्क जड भरते. पुढची डावी: कोरलेलं किमान वजन ६,१०० ग्रॅम, काट्यावर ६,१६४. पुढची उजवी ६,२०७. मागच्या दोन्ही बऱ्याच वर होत्या.

चौसष्ट ग्रॅम शिल्लक. ऐंशी टक्के नव्हे.

गृहस्थांना मी खोटं ठरवत नाही. त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दुसरं मत घेऊ या म्हटलं, आणि ते योग्यच होतं. डिस्कवर टेकवून विद्युत-चुंबकीय पद्धतीने आतला कार्बन किती उरला हे सांगणारं एक हातातलं उपकरण असतं. ते ज्या वर्कशॉपकडे होतं तिथे सोळा दिवसांनी, ५ मार्चला, नंबर लागला. तीन-तीन ठिकाणी घेतलेले आकडे वजनाशी जुळले. त्यांनी कागदावर शिक्का मारून दिला. तो कागद पुढे चार वेळा कामाला आला, तेव्हा तोंडी निकालावर समाधान मानू नका.

१२ मार्चला गाडी घेतली. किंमत दोन नव्या पुढच्या सिरॅमिक डिस्कइतकी उतरली. ही सवलत मोठी वाटते आणि ती तशी आहेच, कारण त्या दोन डिस्कच्या पैशात माझ्या गाडीला बसणाऱ्या बिडाच्या चार डिस्कचे जवळपास तीन संच आले असते, पॅडसकट. आता प्रश्न माझा होता. त्याच पैशात नव्या सिरॅमिक घ्यायच्या की बीड बसवायचं?

माझं मन सिरॅमिककडे होतं, हे कबूल करते. २००१ मध्ये पोर्शेने ९११ जीटी२ ला या डिस्क कारखान्यातूनच बसवून दिल्या, २००२ च्या फेरारी एन्झोवर त्या आल्या, आणि २००८ पासून फेरारीने सगळ्याच गाड्यांना त्या देणं सुरू केलं. इतक्या मोठ्या लोकांनी निवडलेली गोष्ट आपण काढून टाकायची, हे मनाला पटत नव्हतं. वाटायचं, गाडीचा दागिना उतरवतोय.

एप्रिलमध्ये ट्रॅकवरच्या एका ओळखीच्या जोडप्याने मदत केली. त्यांच्याकडे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एकीला सिरॅमिक, दुसरीला बीड, टायर दोन्हींना सारखे. २० एप्रिलला कोरड्या, रिकाम्या पट्ट्यावर आम्ही १०० च्या वेगावरून पूर्ण ब्रेक मारून थांबण्याचं अंतर पाच-पाच वेळा मोजलं. फरक एका पावलाच्या आत राहिला, आणि तोही कधी इकडे कधी तिकडे. दोन्हीकडे पेडलखाली एबीएसची, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर येत होती. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जे ब्रेक चाक जाम करू शकतात ते सगळे एका थांब्यापुरते सारखेच, पुढचं अंतर टायर ठरवतो. सिरॅमिक घेतल्याने गाडी लवकर थांबेल, ही माझी समजूत होती. तसं होत नाही. थांबण्याचं अंतर कमी करायचं असेल तर पैसे आधी टायरमध्ये घाला.

मग फरक कुठे जाणवला? खडबडीत भागावर. सिरॅमिकवाली गाडी बारीक उंचवटे हलक्या पायाने ओलांडायची आणि स्टीअरिंग जास्त जिवंत वाटायचं. माझ्या गाडीत पुढची नवी सिरॅमिक डिस्क साधारण ६.४ किलो आणि त्याच व्यासाची बिडाची ११.८, मागे ५.५ आणि ९.६. चारी मिळून १९ किलो, आणि तेही स्प्रिंगच्या खालचे, फिरणारे. हा फरक खरा आहे, तो मला पायात आणि हातात कळला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धुतल्यावर मात्र सिरॅमिकचा पहिला ब्रेक क्षणभर उशिरा लागला. ओल्या डिस्कने एक-दोनदा पेडल दाबल्यावर पकड घेतली. सवय झाली की त्याचं काही वाटत नाही, पण पहिल्यांदा छातीत धस्स होतं.

मे महिन्यातला एक आख्खा रविवार मी आकडेमोडीत घालवला. गाडी आणि मी मिळून १,५०० किलो. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी २०० वरून ८० वर यायचं, तर साधारण १९ लाख ज्यूल एवढी ऊर्जा जवळजवळ सगळी डिस्कमध्ये उष्णता बनून शिरते. बिडाच्या चार डिस्कची कडी, म्हणजे टोपी सोडून पॅड घासतो तो बाहेरचा भाग, मिळून ४० किलो धरली तर एका ब्रेकला शंभरएक अंश वाढतात. सिरॅमिक निम्म्या वजनाची, पण तिचा एक किलो तेवढ्याच तापमानवाढीत बिडापेक्षा पाऊणपट तरी जास्त उष्णता सामावतो, म्हणून तीही शंभरएक अंशांनीच तापते. म्हणजे दोघींवर भार सारखाच पडतो. फरक पडतो तो हा भार वळणामागून वळण, वीस-वीस मिनिटं पडत राहिल्यावर. तापमान पाचशे-सहाशेच्या वर रेंगाळायला लागलं की बीड चिरा पाडून बोलतं आणि सिरॅमिक गप्प राहून आतून जळते.

त्या संध्याकाळी मी वहीत एकच ओळ लिहिली: वर्षाला आठ ट्रॅक दिवस, बाकी गाडी झाकून उभी. गाडी मुख्यतः रस्त्यावर फिरणार असती तर मी डोळे मिटून सिरॅमिक ठेवल्या असत्या. माझ्या त्या ओळखीच्या जोडप्याची सिरॅमिकवाली गाडी तशीच आहे, आणि त्यांच्यासाठी तो निर्णय अगदी बरोबर आहे. गंज नाही, भुकटी नाही, डिस्क बहुतेक गाडीइतक्या टिकतील. पण माझ्या वापरात झीज अटळ होती, आणि जी झीज मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल आणि परवडेल, तीच मला हवी होती. मी बीड निवडलं.

निर्णयानंतर खरं काम सुरू झालं. रस्ते दोन होते. कारखान्याचा बिडाचा पूर्ण संच घ्यायचा, कॅलिपरसकट (पॅड डिस्कवर दाबणारी पकड), कारण त्याच्या डिस्कचा व्यास वेगळा होता. किंवा आहे तेच कॅलिपर ठेवून त्याच व्यासाच्या, मधे अॅल्युमिनियमची टोपी असलेल्या, दोन भागांच्या बिडाच्या डिस्क बसवायच्या. मी दुसरा घेतला, कारण उद्या गाडी विकायची झाली तर सिरॅमिक परत चढवता येतील. पॅड मात्र दोन्हींचे पूर्ण वेगळे. बिडावर चाललेला पॅड सिरॅमिकवर किंवा उलट, असं कधीही करायचं नाही.

विमा कंपनीला बदल लेखी कळवला. पहिलं पत्र परत आलं. मी "ब्रेकमधील सुधारणा" असं लिहिलं होतं आणि त्यांनी तो वेग वाढवणारा बदल समजून जादा हप्त्याचा फॉर्म पाठवला. दुसऱ्या पत्रात "समान व्यासाच्या डिस्क, कॅलिपर मूळचेच" असं लिहिलं आणि सोबत डिस्क बनवणाऱ्यांचं प्रमाणपत्र, पार्ट नंबर, आधीच्या डिस्कचा शिक्क्याचा कागद आणि फोटो जोडले. एकोणीस दिवसांनी मान्यतेचं पत्र आलं. त्यात एक वाक्य ठळक होतं: ट्रॅकवरचं नुकसान या पॉलिसीत धरलेलं नाही. ते आधीही नव्हतं, मीच वाचलं नव्हतं. वाचून घ्या. गाडीच्या नोंदींतही हा बदल चढवायला लागतो का, हे आपापल्या ठिकाणी विचारून घ्या आणि उत्तर लेखी घ्या.

९ मे रोजी ऑर्डर दिली होती, चार आठवड्यांचा वायदा होता. खोकी आली १२ जूनला, आणि पुढच्या दोन्ही डिस्क डाव्या बाजूच्या निघाल्या.

हे कसं कळलं ते सांगते, कारण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पृष्ठभागावरच्या भोकांच्या नक्षीवरून डावं-उजवं ठरत नाही. डिस्कच्या जाडीत, दोन पत्र्यांच्या मधे हवा खेळवणारी वळणदार पाती असतात. डिस्क उभी धरायची आणि कडेच्या फटीतून टॉर्च मारायचा. पाती आतून बाहेर येताना गाडी पुढे जाण्याच्या फिरण्याच्या उलट दिशेला झुकलेली असायला हवीत, म्हणजे डिस्क पंख्यासारखी आतली हवा बाहेर फेकते. दादांनी खोकं उघडल्यावर आधी तेच केलं. दुसरी डिस्क उचलली, टॉर्च मारला, पहिलीकडे पाहिलं, पुन्हा टॉर्च मारला आणि शांतपणे खोक्यात परत ठेवली. "ताई, ही बसेल. पण थंड होणार नाही." उलटी बसवली असती तर कदाचित मला कधीच कळलं नसतं, फक्त त्या बाजूची डिस्क लवकर फुटली असती. विक्रेत्याने चूक मान्य केली, पण बदली डिस्क यायला अजून अठरा दिवस गेले. त्या काळात एक ट्रॅक दिवस हुकला. फार वाईट वाटलं, रडूही आलं. महिनाभर त्या एका तारखेकडे डोळे लावून बसले होते.

२ जुलैला एकदाच्या डिस्क चढल्या. सकाळी आठला सुरुवात झाली आणि पहिले दोन तास फक्त हब साफ करण्यात गेले. जिथे डिस्क टेकते तिथे गंजाचा कणही राहिला तर डिस्क किंचित तिरकी बसते. डिस्क बसवून ती किती डुलते हे दाखवणारा डायल गेज लावला आणि हाताने फिरवली. काटा ०.०४ मिलिमीटर हलला, दादांनी मान डोलावली. मग ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते, आणि पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. ट्रॅकवर पेडल अचानक खोल गेलं की बऱ्याचदा दोष डिस्कचा नसून या ऑइलचा असतो. आम्ही त्याहून वरच्या उत्कलनबिंदूचं ऑइल घेतलं, सीलबंद डबा माझ्यासमोर उघडला. मजुरीपेक्षा त्या डब्याचा खर्च अगदी किरकोळ होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या रस्त्यावर डिस्क आणि पॅड एकमेकांना बसवायचं काम. १०० वरून २० पर्यंत दहा वेळा, दर वेळी जोर थोडा वाढवत, मधे पूर्ण न थांबता. सातव्या वेळेला जळका उग्र वास आला, पेडल जरा लांबलं. घाबरले, पण हे होणार असं दादांनी आधीच सांगितलं होतं. नंतर पंधरा मिनिटं ब्रेकला हात न लावता गाडी चालवत राहिले. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी केली तर तिथेच पॅडचा थर चिकटतो, आणि मग ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात, पण बहुतेक वेळा तो हा असमान थरच असतो. घरी येऊन पाहिलं तर डिस्कवर एकसारखी निळसर राखाडी झाक आली होती.

जुलै ते नोव्हेंबर पाच ट्रॅक दिवस झाले. पेडल पहिल्या दिवसापासून भरवशाचं होतं. गाडी खडबडीत भागावर एप्रिलमधल्या त्या सिरॅमिकवाल्या गाडीइतकी हलकी वाटत नाही, हे खरं आहे आणि मला ते अजूनही जाणवतं. दर वेळी घरी आल्यावर चाकं धुवायला अर्धा तास जातो. धुऊन रात्रभर ठेवली की डिस्कवर केशरी गंज चढतो आणि सकाळच्या दुसऱ्या-तिसऱ्या ब्रेकला खरखरत निघून जातो.

तिसऱ्या दिवसानंतर भोकांभोवती केसासारख्या बारीक चिरा दिसल्या. प्रत्येक ट्रॅक दिवसानंतर मी टॉर्च, मोजपट्टी आणि फोन घेऊन बसायचे. नख अडकतं का पाहायचं, लांबी मोजायची, दोन भोकं जोडली गेलीत का, चीर कडेपर्यंत गेली का ते पाहायचं, फोटो काढायचा. बारीक चिरा चालतात, मर्यादा डिस्कसोबतच्या कागदात दिलेली असते. कडेला पोहोचलेली चीर चालत नाही. २३ नोव्हेंबरला पुढच्या उजव्या डिस्कवर एक चीर कडेच्या अगदी जवळ आलेली दिसली. जाडी अजून किमान मर्यादेच्या बरीच वर होती, तरीही मी सहावा दिवस रद्द केला.

टोपी तीच ठेवून फक्त पुढची दोन बिडाची कडी मागवली. या वेळी ऑर्डरमध्ये "एक डावे, एक उजवे" असं लिहून, विक्रेत्याकडून तसंच उत्तर लेखी घेतलं. अकरा दिवसांत आली. ६ डिसेंबरला दुपारी दोनला काम सुरू केलं, टॉर्च या वेळी मी मारला, आणि पाचच्या आत गाडी जमिनीवर होती.

सिरॅमिक डिस्क त्यांच्या खोक्यांत, फोममध्ये, आडव्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर चिठ्ठी आहे: बाजू, किमान वजन, आजचं वजन, तारीख. सोबत ५ मार्चचा तो शिक्क्याचा कागद.